घाटात खण उघडतात, स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतात: कॅम्परच्या फर्निचरमधला दोष कुठे शोधायचा

ट्रॅव्हलर, विंगर किंवा तशाच बंद बॉडीच्या गाडीत पलंग, ओटा आणि कपाटं स्वतः बसवून कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येणारी गाडी, करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. शहरात सगळं ठीक चालतं. नांदुरीहून सप्तशृंगी गड चढायला लागलं की खण आपोआप बाहेर येतात आणि कसारा घाट उतरताना वरच्या कप्प्याचं दार उघडतं. मग मॅग्नेट बदलला जातो, त्यानंतर कडी लागते, त्याही पुढे बिजागरीला एक नंबर मोठे स्क्रू मारले जातात. पावसाळा संपतो आणि तक्रार पुन्हा जिथल्या तिथे.

बहुतेक वेळा दोष कडीत नसतोच. चालत्या गाडीची बॉडी पिळते, तिला घट्ट जखडलेलं कपाटही पिळतं, काटकोन जातो आणि दारं-खण जागा सोडतात. कडीवर ते सगळ्यांत आधी दिसतं, एवढंच. म्हणून दुरुस्तीचा क्रम पाळायला हवा: आधी कपाट गाडीला नीट बांधायचं, मग कपाटाचे सांधे, मग खण आणि दारं, आणि अगदी शेवटी कडी. कडीपासून सुरुवात केली तर तेच काम दर मोसमात करावं लागतं.

आधी निदान

कोणता खण कुठे उघडला, हे आठ-दहा दिवस लिहून ठेवा. पुढच्या बाजूला तोंड असलेले खण उतारावर ब्रेक मारताना उघडतात. मधल्या वाटेकडे तोंड असलेले वळणावर उघडतात. दोन्हींपैकी काहीच नाही, पण गतिरोधकावर किंवा खड्ड्यात उघडत असेल तर वर-खाली धक्क्यानं कडीची जीभ सुटते आहे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

जोर किती येतो याचा अंदाज घ्या. भांड्यांचा भरलेला खण 10 किलोचा धरला तर जोरात ब्रेक मारताना त्याच्यावर सुमारे 7 किलोची ओढ येते. साधा मॅग्नेट कॅचर पट्टीला पूर्ण चिकटलेला असतो तेव्हा काही किलोची ओढ धरतो. मध्ये 1 मिमी फट पडली की ती ताकद निम्म्याहूनही खाली येते. भरलेला खण मॅग्नेटवर सोडणं चूकच आहे, मग मॅग्नेट कितीही महाग असो.

आता चाकाची चाचणी. गाडी सपाट जागेवर उभी करा. कपाटाच्या पुढच्या तोंडाचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा आणि आकडे चिकटपट्टीवर लिहून कपाटावरच लावा. मग पुढचं एक चाक साधारण 10 सेंमी उंचीच्या भक्कम लाकडी ओंडक्यावर चढवा, हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना अडणी लावा आणि तेच कर्ण परत मोजा. गाडीखाली जायचं नाही, सगळं माप आतून घ्यायचं. दोन कर्णांतला फरक आधीपेक्षा 3 मिमी, म्हणजे सुताराच्या भाषेत एक सूत, किंवा त्याहून जास्त वाढला तर कपाट बॉडीचा पीळ अंगावर घेत आहे. अशा कपाटाला जगातली कुठलीही कडी टिकणार नाही. फरक पडलाच नाही तर कपाट ठीक बांधलेलं आहे. सरळ खणांच्या भागाकडे जा.

तिसरी खूण पेन्सिलची. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या प्लायवर येईल अशी एक बारीक रेघ ओढा. गड चढून-उतरून आल्यावर पाहा. रेघ तुटली असेल तर स्क्रू फिरतो आहे. रेघ जुळलेली आहे पण स्क्रूभोवती पिठासारखा भुसा दिसतो, तर स्क्रू फिरत नाही, प्लायचं भोक रुंद होत आहे. पहिल्याला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, कंपनानं न सुटणारा) किंवा निळं थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा डिंक) पुरतं. दुसऱ्याला जोडच बदलावा लागतो.

कपाट गाडीला बांधणं

सगळ्यांत जास्त बिघाड इथे होतो, म्हणून इथे वेळ घालवा.

बॉडीचा पत्रा जेमतेम 0.8 ते 1 मिमी जाड असतो. त्यात सेल्फ टॅपिंग स्क्रूला धरायला एखादाच आटा मिळतो. घरातल्या भिंतीवर कपाट टांगायला जे चालतं ते इथे कंपनानं काही आठवड्यांत सैल होतं, आणि मोठा स्क्रू मारला की पत्र्याचं भोक आणखी फाटतं. पत्र्यासाठी योग्य वस्तू रिव्हनट: भोकात घालून ओढला की पत्र्यामागे फुगून पक्का बसणारा आटेवाला नट. नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींच्या आसपास नट-बोल्टच्या दुकानांत तो सुटा मिळतो. अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त असतो, पण घ्यायचा स्टीलचा.

एम 6, म्हणजे 6 मिमी बोल्टच्या, रिव्हनटला 9 मिमीचं भोक लागतं, एम 5 ला 7 मिमी, एम 8 ला 11 मिमी. भोक अर्ध्या मिमीनं मोठं झालं तरी रिव्हनट जागच्या जागी फिरत राहतो आणि मग तो काढणं फार कटकटीचं काम. त्यामुळे 3 मिमीनं सुरुवात करून 6 आणि मग 9, किंवा स्टेप ड्रिल वापरा. भोकाची धार गोल कानशीनं साफ करा, उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमरचा हात द्या, तो वाळू द्या. गंज या भोकांतूनच सुरू होतो.

रिव्हनटच्या हत्यारानं ओढताना हाताला तीन टप्पे कळतात: आधी हँडल सैल चालतं, मग पत्र्यामागे नटाचा गोट फुगताना जोर लागतो, आणि मग ते एकदम कडक होतं. कडक झालं की थांबा. त्यावर आणखी एक ओढ दिली की आतले आटे ओरबाडले जातात. बसवलेला रिव्हनट बरोबर आहे की नाही ते बोल्ट हातानं लावून बघायचं. चार आटे पान्याशिवाय सहज गेले पाहिजेत.

ड्रिल करण्याआधी पत्र्याच्या मागे काय आहे ते बघणं बंधनकारक समजा. बाजूच्या पॅनलमागून वायरिंग आणि मागच्या एसीचे पाइप जातात, फरशीखालून ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप. ड्रिलच्या बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची मर्यादा ठरवा. उभ्या पिलरना आणि सीटबेल्टच्या खुंट्यांच्या आसपास भोक पाडू नका. सीटच्या मूळ बोल्टांची भोकं मोकळी असतील तर सगळ्यांत उत्तम, कारण तिथे कंपनीनं पत्र्याला जादा ताकद दिलेली असते.

बांधणीचं तत्त्व एकच: कपाटाचं वजन फरशीनं घ्यायचं, भिंतीनं फक्त कपाट कलंडू द्यायचं नाही. फरशीला एम 8 चे आरपार बोल्ट, खालून 3 मिमी जाड आणि 40 मिमी रुंद लोखंडी चकती, वर नायलॉक नट, भोकात पीयू सीलंट. भिंतीकडे मात्र कपाटाच्या पाठीला गोल भोक न पाडता 6.5 × 15 मिमीची लांबट खाच करायची. त्यात एम 6 बोल्ट, दोन्हीकडे 3 मिमी रबराचे वॉशर आणि लोखंडी रुंद वॉशर. बोल्ट रिव्हनटमध्ये रबर जरा दबेपर्यंतच आवळायचा. कपाट आणि बॉडी यांच्यामध्ये 5 मिमी फट ठेवून तिच्यात ईपीडीएम रबराची पट्टी चिकटवा. यामुळे बॉडी पिळली तरी कपाट जागेवर राहतं. पट्टी सलग न लावता तुकड्यांत लावली तर मागून हवाही फिरते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात रात्री आत झोपलेल्यांच्या श्वासाचा दमटपणा थंड पत्र्यावर जमतो, आणि बंद पाठीच्या कपाटामागे काळी बुरशी धरते. ती फट तेवढ्यासाठीही हवी.

डोक्यावरच्या कप्प्यांना हा लांबट खाचेचा नियम लागू नाही. ते छताच्या आडव्या पट्ट्यांनाच घट्ट बांधायचे, बाहेरच्या पत्र्याला कधीच नाही, आणि त्यांत कपडे-पांघरुणांपलीकडे काही ठेवायचं नाही.

90 × 45 × 75 सेंमीच्या एका कपाटासाठी एवढं सामान लागतं:

- 12 मिमी प्लाय, 8 × 4 फुटांची 1 शीट (पेटी, मधला पडदा आणि दारं यांतून निघतात), पाठीसाठी 6 मिमी प्लायचा तुकडा
- एम 8 बोल्ट 4, चकत्या 4, नायलॉक नट 4
- एम 6 स्टील रिव्हनट 4 (2 जादा घ्या), एम 6 बोल्ट 4, रबर वॉशर 8, रुंद वॉशर 8
- 20 × 20 मिमी सागाची पट्टी, सुमारे 5 मीटर
- 4 × 30 मिमी स्क्रू, 60
- मरीन प्रकारचा फेव्हिकॉल, 500 ग्रॅम

सांधे आणि भोकं

प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू हा कॅम्परमधला दुसरा मोठा दोष. कडेत स्क्रू थरांच्या मधून जातो आणि थर फाकतात. घरातल्या कपाटाला त्यानं काही होत नाही कारण ते हलत नाही. सैल भोकात आगकाड्या आणि फेव्हिकॉल भरून परत स्क्रू मारण्याची पद्धत सगळीकडे आहे. गाडीत ती एखाददुसरा घाट टिकते, पुढे नाही.

कोपऱ्यात आतून 20 × 20 मिमीची सागाची पट्टी चिकटवा आणि दोन्ही प्लायमधून बाहेरच्या बाजूनं 4 × 30 मिमी स्क्रू दर 10 सेंमीवर पट्टीत मारा. आधी 3 मिमीनं प्लायमधून आणि 2.5 मिमीनं पट्टीत वाट करून घ्या, नाहीतर पट्टी चिरते. असा सांधा डिंकानं धरलेला असतो आणि स्क्रू फक्त डिंक वाळेपर्यंत शिकंज्याचं काम करतात. म्हणूनच डिंकाला 24 तास द्या. त्याआधी गाडी हलवू नका.

प्लायच्या पृष्ठभागावरचं भोक रुंद झालं असेल, म्हणजे बिजागरी किंवा चॅनलचं (खण ज्यावर सरकतो ती लोखंडी पट्टी), तर स्क्रूचा नाद सोडून एम 4 चे आरपार बोल्ट टाका, मागून वॉशर आणि नायलॉक. दिसायला बोल्टचं डोकं दिसेल. चालेल.

प्लाय निवडताना आयएस 710 ची बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीन, घ्या. 12 मिमी पुरते. 8 × 4 ची 12 मिमी शीट साधारण 23 किलो भरते, 18 मिमीची 35 च्या आसपास. तीन शीट लागल्या तर फरक 36 किलोचा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ गाडीत आणूच नका. पीव्हीसी बोर्डाला पाणी लागत नाही हे खरं, पण तो स्क्रू कमी धरतो आणि उन्हात वाढतो. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा 40 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहूनही बरंच जास्त तापतं. 1.8 मीटर लांबीची पीव्हीसीची फळी 30 अंशांच्या फरकात सुमारे 3 मिमी वाढते. तेवढी जागा सोडली नसेल तर ती धनुष्यासारखी वाकते आणि दार लागत नाही.

खण

टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना 12.7 मिमी जागा लागते, म्हणून खणाची रुंदी पेटीच्या आतल्या मापापेक्षा 26 मिमी कमी ठेवायची. बंद खण अडकतो, पण अर्धवट बाहेर असताना सहज चालतो, तर पेटी मागे निमुळती झाली आहे. मागची रुंदी मोजून कमी पडलेल्या बाजूची पट्टी काढा. सॉफ्ट क्लोज चॅनल घेऊन प्रश्न सुटत नाही. त्याचा दाब हळू बंद होण्यासाठी असतो, 7 किलोची ओढ अडवण्यासाठी नाही. गाडीसाठी लॉक असलेलं चॅनल मिळतं, तेच घ्या: त्याचा खटका दाबल्याशिवाय खण हलत नाही.

पण स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यांत भरवशाचा उपाय चॅनलशिवायचा आहे. खण दोन लाकडी पट्ट्यांवर सरकवायचा. समोर, त्या पट्ट्यांपेक्षा 12 मिमी उंच राहील अशी 12 मिमी जाडीची आडवी पट्टी लावायची. खणाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या कडेला, तोंडाच्या फळीच्या लगेच मागे, 14 मिमी रुंद आणि 12 मिमी खोल खाच करायची. खण पूर्ण आत गेला की खाच त्या आडव्या पट्टीवर पडते आणि खण खाली बसतो. उघडताना पुढून उचलायचा, मग ओढायचा. ब्रेकचा किंवा वळणाचा कितीही जोर आला तरी तो लाकडावर येतो, कडीवर नाही.

यात दोन गोष्टी चुकतात. पहिली, खणाच्या वर 15 मिमी मोकळी जागा ठेवायचं राहून जातं, आणि मग खण उचलता येत नाही. वरच्या खणाचं तोंडही तेवढंच वर हवं. दुसरी, रिकामा किंवा चमचे-पेनांचा हलका खण खड्ड्यात उसळून खाच सोडतो. अशा खणाला जोडीला पुश लॉक (बटण दाबून उघडणारी कडी) लावा. पट्ट्यांवर मेणबत्ती घासली की खण सहज सरकतो. तेल लावू नका, धूळ चिकटते.

दारं

इथे एक मापाची अडचण आहे. 35 मिमी कपाची ऑटो बिजागरी 15 ते 18 मिमी दारासाठी असते, कारण तिचा कप साधारण 12 मिमी खोल असतो. 12 मिमी प्लायमध्ये तो आरपार जातो किंवा मागे एक थर उरतो आणि तोही फुटतो. पातळ दाराला पियानो बिजागरी, म्हणजे दाराच्या पूर्ण लांबीची एकच बिजागरी, लावा; जोर संपूर्ण लांबीवर वाटला जातो आणि एखादा स्क्रू गेला तरी दार लोंबत नाही. पुश लॉकही बहुधा 15 मिमीच्या वरच्या जाडीचे येतात, म्हणून घेण्याआधी माप पाहा आणि गरज पडली तर मागून 4 मिमीचा तुकडा चिकटवा.

वरच्या कप्प्याचं दार वर उघडणारं करा आणि गॅस पंप असा लावा की दार बंद असताना त्याचा जोर दाराला आत दाबेल. पंपाचं वरचं टोक काही मिमी इकडेतिकडे केलं तरी हा परिणाम उलटतो, म्हणून आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कोन बघून घ्या.

दार वाकतंय? सनमायका एकाच बाजूला लावला असेल. ज्या बाजूला सनमायका नाही ती दमटपणा घेते, दुसरी घेत नाही. दोन्ही बाजूंना लावल्याशिवाय हे थांबत नाही. आतून स्वस्तातला बॅकिंग शीट चालतो.

आता नाशिकची खास चूक. जुलैत घोटी-इगतपुरीकडे चार दिवस काढले की दार घासायला लागतं. लगेच रंधा मारला जातो. एप्रिलमध्ये लाकूड सुकतं, फट 3 मिमीची 6 होते, कडीची जीभ पोचत नाही आणि घाटात दार उघडतं. प्लाय लांबी-रुंदीत फारशी फुगत नाही; फुगतात उघड्या कडा आणि भोवतीची सागाची चौकट. म्हणून पावसाळ्यात रंधा मारू नका. गाडी दोन दिवस उन्हात उघडी ठेवा, मग सगळ्या कडांना, खालच्यांनाही, पीयू पॉलिशचे दोन हात द्या आणि वर 2 मिमी पीव्हीसी एज बँड लावा. खालची कड दिसत नाही म्हणून सुटते, आणि पाणी तिथूनच चढतं.

वजन आणि कागदपत्रं

काम झाल्यावर गाडी भरून मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या वजनकाट्यावर तोला आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा. शक्य असेल तर पुढची आणि मागची चाकं वेगळी तोला. कपाटं मागच्या चाकांच्या मागे गेली असतील तर ते तिथेच कळतं.

मूळ सीटा कायमच्या काढणं, छप्पर कापणं यासारखे बदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली येतात. काम सुरू करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा. मोटार कॅरव्हानसाठी एआयएस 124 हे वेगळं मानक आहे. मूळ भोकांत बोल्टनं बसणारं आणि पान्यानं निघणारं फर्निचर करणं सोयीचं पडतं: तपासणीच्या वेळी ते काढता येतं.

सगळं करूनही आवाज येत असेल तर

चॅनलमधल्या गोळ्यांचा खडखडाट बारीक आणि सततचा असतो. खण आणि पेटीमध्ये मागच्या बाजूला 3 मिमी ईव्हीए फोमचा तुकडा चिकटवला की तो थांबतो. एकाच वेगाला येणारी आणि वेग बदलला की जाणारी घरघर मोठ्या फळीच्या थरथरण्याची असते. फळीच्या मध्यावर आडवी पट्टी चिकटवा. फक्त खड्ड्यात येणारा एकच ठोका मात्र फर्निचरचा नसतो. आधी शेगडीची जाळी, मग सिलेंडरचा पट्टा आणि मग सीटखालचा जॅक-पाना बघा.

पहिल्या 500 किमीनंतर सगळे बोल्ट एकदा तपासा, कारण रबराचे वॉशर तोपर्यंत दबलेले असतात. त्यानंतर दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. नायलॉक नट एकदा काढला की त्यातलं नायलॉन पूर्वीइतकं धरत नाही. परत तोच न लावता नवा घ्या.